घर एक, मांजरे दोन
प्रस्तावना

घरात एक मोठे मांजर आधीपासून नांदते आहे आणि आता एक पिल्लू आणायचे आहे, किंवा कुणी न ठरवताच ते येऊन ठेपले आहे. एवढ्याशा प्रसंगावर सबंध पुस्तक कशाला, असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. मराठीत मांजरांवर प्रेमाने पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांच्या खोड्यांवर आणि ऐटीवर तर अधिकच. पण दोन अनोळखी मांजरांना एका छपराखाली कसे आणावे याबद्दल सलग, कारणांसह लिहिलेले फारसे सापडत नाही. पिल्लू आणणे हा तर घरी दुसरे मांजर येण्याचा नेहमीचा मार्ग. तो चुकला की त्याची किंमत मांजरेच मोजतात. जुने मांजर दिवसेंदिवस कपाटाच्या मागे बसून राहते, अंथरुणावर मुतू लागते, कधी घरच सोडून जाते. नाहीतर पिल्लाची रवानगी पुन्हा ज्या गल्लीतून ते आले तिथेच होते, आणि आईवेगळे पिल्लू गल्लीत किती दिवस काढते हे वेगळे सांगायला नको. हा प्रसंग क्षुल्लक मानता येत नाही तो म्हणूनच.

या पुस्तकामागे एकच भूमिका आहे, ती सुरुवातीलाच मांडतो. आपण या ओळखीकडे नात्याच्या नजरेने पाहतो. पिल्लाला जुन्या मांजराचे धाकटे भावंड समजतो, ‘तिला सोबत होईल’ म्हणतो, आणि दोघांना समोरासमोर ठेवून माया कधी जुळते याची वाट पाहतो. मांजराच्या दृष्टीने मात्र हा आधी जागेचा मामला असतो. खिडकीतली उन्हाची जागा, अन्नाची ताटली, दारापासून पलंगापर्यंतची वाट, झोपायचा कोपरा हे सगळे त्याने रोज गाल घासून, नखे मारून आपलेसे केलेले असते. त्यात एके दिवशी परका वास शिरतो. म्हणून ओळख करून देणाऱ्याचे पहिले काम जागेची नीट वाटणी करणे हे आहे, आणि त्या वाटणीत किती अंतरावर राहायचे हे ठरवण्याचा हक्क जुन्या मांजराकडे राहू देणे. सख्य झाले तर त्यानंतर होते, आणि नाही झाले तरी संसार चालतो.

असे म्हणण्याला आधार मांजराच्या पूर्वेतिहासात आहे. आजच्या घरमांजरांचा मूळपुरुष म्हणजे फेलिस लिबिका हे रानमांजर. कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी 2007 साली जनुकांच्या आधारे जगभरच्या घरमांजरांची वंशरेषा पश्चिम आशियातल्या या रानमांजरापर्यंत नेऊन पोचवली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा त्याच्या तीन वर्षे आधीच प्रसिद्ध झाला होता. शेती आली, धान्य साठू लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. छत्तीसगडच्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये. देश ज्याला ‘धान का कटोरा’ म्हणतो त्या या मुलखात घराघरात धानाची कोठी असे आणि तिच्या आसऱ्याने ‘बिलई’ असे. तिला कुणी विकत आणत नसे, बांधतही नसे. कुत्रे मुळात कळपाने शिकार करणारे. मांजर मात्र एकटे आले आणि एकट्यानेच शिकार करत राहिले. त्याचे कारण त्याच्या भक्ष्यात आहे. एका उंदरात दोघांचे पोट भरत नाही. दिवसभरात आठ-दहा उंदीर मारावे तेव्हा एका मांजराचे भागते, आणि अशा शिकारीत जोडीदार हा वाटेकरी ठरतो. शेजाऱ्यापासून अंतर राखणे, वास ठेवून ‘मी इथे आहे’ हे न भेटता कळवणे आणि मारामारी शक्यतो टाळणे हा स्वभाव तिथून आला. एकटा शिकारी जखमी झाला तर त्याला खाऊ घालायला कुणी नसते, त्यामुळे मांजर भांडणाआधी फिस्कारते, अंग फुगवते, कान पाडते. हे सारे भांडण टाळण्याचे उपाय आहेत. पिल्लावर फिस्कारणाऱ्या मांजराला आपण ‘दुष्ट’ म्हणतो, तेव्हा ते बिचारे खरे तर मारामारी होऊ नये म्हणून धडपडत असते.

या स्वभावाचा शास्त्रीय अभ्यास मात्र फार जुना नाही, आणि त्यात एकमतही नव्हते. जर्मन प्राणिवर्तनतज्ज्ञ पाउल लायहाउझेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून मांजरांचे जे बारकाईने निरीक्षण केले, त्यातून एकट्याने राहणाऱ्या पण शेजाऱ्यांशी वेळापत्रक जुळवून घेणाऱ्या प्राण्याचे चित्र उभे राहिले. एकच वाट सकाळी एक मांजर वापरते, संध्याकाळी दुसरे. जो आधी पोचला त्याचा मान, आणि तो मान त्या जागेपुरता व त्या वेळेपुरता. त्यानंतर 1970 च्या दशकाच्या अखेरीस वेगळीच माहिती येऊ लागली. इंग्लंडमध्ये डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी शेतावरची मांजरे पाहिली, जेन डार्ड्स यांनी पोर्ट्समथच्या नौदल गोदीतली, स्वीडनमध्ये उलोफ लिबर्ग यांनी ग्रामीण भागातली. जिथे अन्न एका जागी भरपूर मिळते तिथे मांजरे चक्क गटाने राहतात, माद्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, असे दिसले. एका चौरस किलोमीटरमध्ये एखादे मांजर ते दोन हजारांहून अधिक मांजरे, इतका फरक मुख्यतः अन्न कसे पसरले आहे यामुळे पडतो. म्हणजे मांजर एकलकोंडे की समाजप्रिय, हा वादच थोडा चुकीचा होता. परिस्थितीनुसार ते दोन्ही असते. पण या गटांचा कणा कोण असतो हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आई, मुली, मावश्या, बहिणी. परक्या मांजराला तिथे सहज प्रवेश नसतो. ते कडेकडेने राहते, हाकलले जाते, पुन्हा येते, आणि बऱ्याच काळाने कधी सामावले जाते, कधी जात नाहीच. जॉन ब्रॅडशॉ आणि सारा हॉल यांना 1999 मध्ये मांजरांच्या वसतिगृहांत असेच आढळले. एकाच वेताची भावंडे बिलगून झोपतात, एकमेकांना चाटतात. एका घरात राहूनही रक्ताचे नाते नसलेल्या जोड्या असे क्वचितच करतात. नवे पिल्लू आणणारा माणूस या परक्यालाच थेट घराच्या मध्यभागी नेऊन ठेवत असतो. मोकळ्या जगात ज्याला महिने लागतात ते आपण एका संध्याकाळी उरकू पाहतो.

तिसरी धारा दवाखान्यातून आली. मांजरांच्या भांडणाची, ट्रे सोडून भलतीकडे लघवी करण्याची गाऱ्हाणी पशुवैद्यांकडे येऊ लागली, तेव्हा शॅरन क्रोवेल-डेव्हिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी घरातल्या मांजरांचेच निरीक्षण सुरू केले. 1999 च्या एका अभ्यासात त्यांनी व सहकाऱ्याने नसबंदी झालेल्या साठ जोड्या पाहिल्या. नर-नर, मादी-मादी की नर-मादी यावरून भांडणाचे प्रमाण ठरत नव्हते. किती काळ एकत्र काढला यावरून ठरत होते. 2005 साली एमिली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी निवाऱ्यातून दुसरे मांजर आणणाऱ्या कुटुंबांची पाहणी केली. सुमारे निम्म्या घरांत सुरुवातीला ओरबाडणे-चावणे झालेच, आणि पहिली भेट जिथे बिनसली तिथे पुढेही भांडणे टिकण्याचा संभव जास्त होता. घर किती मोठे, वयात किती अंतर, लिंग कोणते, यांचा तसा संबंध दिसला नाही. ‘बोक्याला भाटीच आणा’ किंवा ‘घर मोठे असेल तरच आणा’ हे आपल्याकडचे ठाम सल्ले त्यामुळे ढिले पडतात. याच काळात फ्रान्सचे पात्रिक पाजेत यांनी मांजराच्या गालातल्या गंधद्रव्याचा अभ्यास करून त्याची कृत्रिम प्रत बनवली, तर अमेरिकेत टोनी बफिंग्टन यांनी मूत्राशयाच्या एका त्रासदायक विकाराचा मांजरावरच्या ताणाशी संबंध दाखवला. मांजराचे ‘रुसणे’ हे शरीरालाही भोवते, हे त्यातून कळले. 2013 मध्ये मांजरवैद्यांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी घरातल्या मांजराच्या मूलभूत गरजांची मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि 2024 मध्ये त्यांतल्या अमेरिकन संस्थेने केवळ मांजरा-मांजरांतल्या तणावावर स्वतंत्र तत्त्वे प्रसिद्ध केली. विषय किती झपाट्याने वयात आला याची ही खूण.

या सगळ्यांतून जी पद्धत आज सर्वमान्य झाली आहे तिची रीत साधी आहे. पिल्लू आल्याबरोबर त्याला वेगळी खोली, त्यात त्याचे अन्न, पाणी, ट्रे, लपायला एखादे खोके. दार बंद. मग वासांची देवघेव. एक मऊ फडके पिल्लाच्या गालांवरून, हनुवटीखालून हलकेच फिरवायचे आणि जुन्या मांजराच्या वाटेवर, पण त्याच्या ताटलीपासून दूर, टाकून द्यायचे. मांजर जवळ येते, थांबते, मान लांब करून हुंगते, कधी तोंड अर्धवट उघडून वरचा ओठ आखडून घेते. टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे तो वास पोचवला जात असतो. पहिल्या दिवशी ते फडक्यावर फिस्कारले तर त्यात बिघडले काहीच नाही; तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावरून बेफिकीर चालत गेले, तर पुढचे पाऊल टाकायची वेळ झाली. मग दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणे. ताटल्या आधी दारापासून लांब, आणि दोघेही स्वस्थ खातात असे दिसले की रोज थोड्या जवळ. त्यानंतर एकमेकांना दिसणे, पण मध्ये अडसर ठेवून. इथे रायपूरकडच्या घरांना एक फायदा आहे. डासांसाठी बसवलेला जाळीचा दरवाजा बहुतेक घरांत असतोच, आणि परदेशी पुस्तके ज्यासाठी खास फाटक विकत घ्यायला सांगतात ते काम तो आयतेच करतो. अर्ध्या भागावर चादर अडकवली की जुन्या मांजराला पाहायचे की नाही हेही ठरवता येते. ही प्रत्येक पायरी किती दिवसांची, याचे उत्तर कॅलेंडरात नाही, जुन्या मांजराच्या कानांत आणि शेपटीत आहे. पिल्लाकडे शेपटी ताठ उभी करून ते चालत आले, तर तो मैत्रीचा इशारा. शेपटीचे टोक जमिनीवर आपटत बसले असेल तर दार पुन्हा लावावे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो आणि तो अनुभवाचा असल्याने वजनदार आहे. पूर्वी वाड्यात चार-चार मांजरे असत, कुणी फडकी फिरवली नाहीत आणि सगळे आपोआप जुळत असे. हे खरे आहे, पण त्या ‘आपोआप’मध्ये काय होते ते पाहावे. माळा होता, कौले होती, परसू होते, गोठा होता. इकडे छत्तीसगडात घरामागे बाडी होती. ज्याला दुसरे मांजर नको होते ते उठून पलीकडच्या कौलावर जात असे. अंतर राखण्याची सोय घरानेच करून ठेवली होती. शिवाय त्यांतली पुष्कळ मांजरे एकाच भाटीच्या वेतांतली, म्हणजे आईमुलीच असत. आणि जी टिकली नाहीत त्यांची आठवण कुणी ठेवली नाही. बोके निघून जात, पिल्ले मरत, ‘गेलं कुठेतरी’ म्हणून विषय संपे. आज सिलतऱ्यासारख्या ठिकाणी काय स्थिती आहे? रायपूर-बिलासपूर रस्त्यावरचा हा स्पंज आयर्न आणि पोलादाचा पट्टा. कारखान्यांमागोमाग क्वार्टर, दोन खोल्यांची भाड्याची घरे, फ्लॅट आले. धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, बाहेर ट्रकांची अखंड वर्दळ, म्हणून मांजरही आत. मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा घरात गारवा असतो तो कूलरसमोरच्या एका खोलीत, आणि माणसे-मांजरे सगळी तिथेच गोळा होतात. जुन्या मांजराला उठून जायला कौल नाही, बाडी नाही. घराने जे अंतर पूर्वी दिले ते आता माणसाला हाताने तयार करून द्यावे लागते, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा अर्थ. रायपूर-भिलाईकडे बदलीवर, नोकरीवर आलेल्या मराठी कुटुंबांना तर हे आणखी जवळून कळावे. घर बदलल्यावर मांजराचा आधीच एकदा मुलूख सुटलेला असतो. अशा मांजरासमोर पहिल्या दोन-तीन महिन्यांत नवे पिल्लू आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, आणि तो अभ्यासकांकडून येतो. पायरीपायरीच्या या पद्धतीचा परिणाम कसोशीने, दोन गट करून तपासलेला पुरावा तुटपुंजा आहे. पहिली भेट बिघडली तर पुढेही बिघडते, या निष्कर्षाचा अर्थ असाही होऊ शकतो की काही मांजरे मुळातच तापट, ती पहिल्या दिवशीही भांडतात आणि वर्षानेही; ओळख कशी करून दिली याचा त्यात दोष नाही. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. तरीही दोन गोष्टी उरतात. भीती एकदा बसली की मांजराच्या मनातून ती काढणे हे ती बसू न देण्यापेक्षा फार अवघड असते. पशुवैद्यकीय वर्तनशास्त्रात याबद्दल दुमत नाही. आणि हळू जाण्याची किंमत काय, तर काही आठवड्यांची गैरसोय. घाईची किंमत मात्र एखाद्या मांजराचे घर असू शकते. पुरावा अपुरा असताना कमी नुकसानीची बाजू घेणे शहाणपणाचे. शिवाय एका गोष्टीचा पुरावा पद्धतीवर अवलंबून नाही: वेगळी खोली ही आरोग्यासाठी हवीच. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो आणि लस न टोचलेल्या पिल्लाला तो बहुधा सोडत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसी सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. आल्यापासून पंधरा दिवस पिल्लू वेगळे राहिले तर जुन्या मांजराचे रक्षण होते आणि त्याच दिवसांत वासांची ओळखही उरकते.

पिल्लाची बाजूही विसरू नये. एलिन कार्श यांनी 1980 च्या दशकात दाखवले की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसाला जे सरावते ते पुढे टिकते. आपल्याकडे पिल्ले बहुधा चौथ्या-पाचव्या आठवड्यातच ‘सापडतात’. गोदामात, पोत्यांमागे, जिन्याखाली. आई फक्त शिकारीला गेलेली असते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात, ते जागा बदलणे सुरू असताना एखादे मागे राहिलेले दिसते आणि भला माणूस ते उचलून आणतो. शक्य असेल तर त्याला आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ राहू द्यावे, कारण चावा किती जोरात घ्यायचा आणि खेळ कधी थांबवायचा हे त्याला आई आणि भावंडेच शिकवतात. हे न शिकलेले पिल्लू जुन्या मांजराची शेपटी धरून लोंबकळते आणि मग दोष त्या मांजराला लागतो. आणखी एक गोष्ट, जी बहुतेक सल्ल्यांतून निसटते. पिल्लू पिल्लू राहत नाही. पाच-सहा महिन्यांत ते वयात येते, आणि दोन-तीन वर्षांत समाजाच्या दृष्टीने प्रौढ होते. ज्या जुन्या मांजराने लहानग्याला सहन केले, तेच उमद्या तरुण बोक्यासमोर नव्याने ताठरते. वेळेवर नसबंदी केली तर यातले बरेच टळते, पण सगळे टळत नाही. म्हणजे वाटणी एकदा करून भागत नाही.

भांडण दिसत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. 2023 मध्ये मांजरांच्या जोड्यांच्या 105 चित्रफिती तपासणाऱ्या एका संशोधनात खेळ आणि भांडण यांच्यामध्ये एक तिसराच, संदिग्ध गट स्पष्टपणे आढळला. घरातले बरेचसे दुःख त्याच्याही अलीकडे, अगदी शांतपणे चालते. न्हाणीघराकडे जाणाऱ्या अरुंद बोळात जुने मांजर आडवे पसरले आहे, डोळे मिटलेले, पाहणाऱ्याला वाटावे झोपले आहे. पिल्लू स्वयंपाकघराच्या दारातून तीनदा डोकावते आणि परत फिरते. ट्रे बोळाच्या पलीकडे आहे. रात्री सोफ्याच्या मागे ओले सापडते आणि पिल्लाला मार बसतो. आवाज नाही, ओरखडा नाही. फक्त एका मांजराने दुसऱ्याची वाट अडवली आहे. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त ठेवा, असा जो नियम सांगतात त्याचा अर्थ इथे कळतो. तीन ट्रे शेजारीशेजारी ठेवले तर मांजराच्या हिशेबी तो एकच. ते वेगवेगळ्या वाटांवर हवेत, अन्नाच्या ताटल्याही एकमेकींना न दिसतील अशा. लहान घरात हे जमिनीवर जमत नसेल तर उंची वापरावी: कपाटावरची मोकळी जागा, खिडकीची फळी, भिंतीवरचा मांडणीचा कप्पा. महागडे सामान लागत नाही. वाळू, भुसा, जुनी टोपली, पुठ्ठ्याचे खोके एवढ्यावर भागते.

हे पुस्तक परदेशी संशोधनाचे मराठी रूपांतर नाही. तिकडचे जे इथे टिकते ते घ्यावे आणि जे आपल्या घरांना लागू नाही ते बाजूला ठेवावे, असा त्यातला प्रयत्न आहे. दूधपोळीवर वाढलेले गावठी मांजर, उघड्या गॅलरीतून रोज येणारा बाहेरचा बोका, एकत्र कुटुंबात मांजराला मज्जाव असलेली देवघराची खोली, दवाखाना गाठायला लागणारे अंतर हे प्रश्न तिकडच्या पुस्तकांत येत नाहीत. इथे ते मध्यावर आहेत. सगळ्या जोड्या जुळतील असे वचन त्यात कुठे दिलेले नाही. काही घरांत दोन्ही मांजरे आयुष्यभर एकमेकांना टाळत राहतात, आणि खाणे, झोप, खेळ सुरळीत असेल तर त्याला अपयश म्हणू नये, ही भूमिका मला पूर्ण पटते. काही घरांत मात्र महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही एक मांजर खंगत जाते. तेव्हा पिल्लासाठी दुसरे चांगले घर शोधणे ही माघार नव्हे, हेही पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे, आणि ते लिहायला धैर्य लागते. ज्यांच्या घरी पिल्लू आजच आले आहे त्यांनी बाकीचे वाचन उद्यावर ठेवावे. आधी एका खोलीत त्याचे अंथरूण, पाणी आणि ट्रे मांडून दार लावावे, लसीसाठी पशुवैद्याला फोन करावा, आणि मग रोजच्या वेळेला, रोजच्याच जागी जुन्या मांजराची ताटली भरावी.